उन्हाळा काढायचा की घ्यायचा?

‘मी वाशीची’ असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. ‘सेक्टर कुठला?’ मंडळी, आमच्या वाशीत सेक्टर नाहीत. मॉल नाही, लोकल नाही, रेल्वेचं स्टेशनच नाही. ही वाशी धाराशिव जिल्ह्यातली. बालाघाटच्या पठारावरचं तालुक्याचं गाव. पुण्यात नोकरी करत होते तेव्हा हा खुलासा आठवड्यातून एकदा तरी करावा लागायचा. आता फ्रान्समधल्या लिऑन शहरात राहते आणि हा त्रास मिटलाय. इथे कुणाला कुठलीच वाशी माहीत नाही!

या शहरात माझे चार उन्हाळे झालेत, म्हणून आजचा विषय उन्हाळा. आधी भाषेची एक गंमत. आमच्याकडे उन्हाळा ‘काढतात’. वाईट दिवस काढतात, आजारपण काढतात, तसाच उन्हाळाही काढतात. म्हणजे डोक्याला पंचा गुंडाळायचा आणि मृगाची वाट बघायची. लिऑनमध्ये जून लागला की ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच वाक्य, ‘प्रोफित ब्याँ!’ शब्द आपल्या प्रॉफिटचा भाऊच, पण अर्थ पैशाचा नाही. ‘मिळतंय ते भरभरून घे’ असा. बेकरीवाली म्हणते, बॉस म्हणतो, लिफ्टमध्ये भेटलेले अनोळखी आजोबाही म्हणतात.

उन्हाळा घ्यायची गोष्ट आहे? एप्रिल-मेमध्ये टँकरच्या मागे घागर घेऊन धावलेल्या मुलीला हे पटायला वेळ लागणारच ना!

ऑफिस सुटलं, सिनेमा सुरू

लिऑन दोन नद्यांचं शहर. एक ऱ्होन, दुसरी सोन. जूनच्या शेवटी सूर्य मावळतो साडेनऊनंतर. म्हणजे सहाला ऑफिस सुटलं की हातात चक्क साडेतीन तासांचा उजेड शिल्लक. पुण्यात सातला सुटून साडेआठला घर गाठणाऱ्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

या उजेडाचं लोक करतात काय? तर नदीकाठी जाऊन बसतात. बस्स! ऱ्होनच्या डाव्या तीरावर पूर्वी गाड्यांचं पार्किंग होतं. शहराने ते हटवलं आणि २००७ मध्ये तिथे सुमारे पाच किलोमीटरचा काठ लोकांसाठी मोकळा केला. पायऱ्या, हिरवळ, सायकलचा रस्ता. ऑफिसचे कपडे तसेच, पायातले बूट बाजूला, हातात पाव-चीजची पुडी. तिकीट नाही, कव्हर चार्ज नाही, ‘टेबल बुक केलंय का?’ नाही. झाडांखाली म्हातारे लोक लोखंडी गोळे फेकत बसलेले असतात. गोट्यांचाच खेळ, पण म्हाताऱ्यांचा आणि भलताच सीरियस.

२१ जूनला तर सगळं शहरच रस्त्यावर असतं. ‘फेत द ला म्युझिक’ म्हणजे संगीताचा सण. फ्रान्सने तो १९८२ मध्ये सुरू केला. त्या दिवशी ज्याला वाजवता येतं तो वाजवतो, ज्याला येत नाही तोही वाजवतो आणि सगळं फुकट. आमच्या बिल्डिंगमधला डेंटिस्ट त्या संध्याकाळी चौकात ड्रम बडवत असतो. त्याच्याकडे दात दाखवायला जायची हिंमत मला अजून झालेली नाही.

माझा सगळ्यात लाडका कार्यक्रम मात्र मंगळवारचा. सिनेमाचा जन्म ज्यांच्या हातून झाला ते ल्युमिएर बंधू लिऑनचेच. त्यांच्या वडिलांच्या बंगल्यात आता ल्युमिएर संस्थेचं म्युझियम आहे. उन्हाळ्यात ही संस्था समोरच्या चौकात मोठा पडदा लावते आणि अंधार पडला की फुकट सिनेमा दाखवते. लोक घरून खुर्च्या, चटया, पोरंबाळं घेऊन येतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, अरेच्चा, ही तर आपल्या जत्रेतली टुरिंग टॉकीज! तंबू तेवढा नाही.

आता ऐका खरी मजा. या भावांनी १८९५ मध्ये घेतलेला एक अगदी पहिल्या काळातला सिनेमा एक मिनिटाचाही नाही. त्यात काय आहे? कारखान्याचं गेट उघडतं आणि कामगार बाहेर पडतात. टोप्या घातलेल्या बायका, सायकलवरचे पुरुष, मध्येच एक कुत्रा. थोडक्यात, सिनेमाच्या इतिहासाची सुरुवात झाली ती ड्यूटी संपल्याच्या सीनने! पुढच्याच वर्षी, ७ जुलै १८९६ ला ल्युमिएरांचे सिनेमे मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवले गेले. आपण सिनेमा घेतला आणि त्याचं सोनं केलं. तो ड्यूटी संपल्याचा सीन मात्र तिथेच विसरून आलो की काय, अशी मला शंका आहे.

रजा शिल्लक ठेवून काय करणार?

कारण इथल्या उन्हाळ्याचं गुपित नदीत नाही, रजेत आहे. फ्रान्समध्ये नोकरदाराला वर्षाला पाच आठवडे भरपगारी सुट्टी मिळते. ती कुणी कौतुकाने दिलेली नाही. मे-जून १९३६ मध्ये कामगारांनी देशभर संप केले, कारखान्यांत ठिय्या मारला. त्यातून लेऑन ब्लूम यांच्या सरकारने दोन आठवड्यांच्या भरपगारी रजेचा कायदा केला. त्याच उन्हाळ्यात कामगारांसाठी रेल्वेचं ४० टक्के सवलतीचं तिकीट निघालं. पाच लाखांहून जास्त लोकांनी ते काढलं. त्यातल्या कित्येकांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. दोनाचे पाच आठवडे व्हायला मग १९८२ उजाडावं लागलं.

म्हणून इथे ऑगस्टमध्ये बेकरीच्या दारावर ‘सुट्टीवर आहोत, १ सप्टेंबरला भेटू’ अशी चिठ्ठी दिसते आणि कुणालाही त्यात काही वावगं वाटत नाही. ऑफिसात मार्चमध्येच विचारतात, ‘उन्हाळ्यात कुठे?’ ‘अजून ठरलं नाही’ म्हटलं तर लोक काळजीने बघतात. घरी सगळं ठीक आहे ना, असं.

आपल्याकडे? महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा आहे. ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. आणि आपण साठवतो! लोणच्यासारखी बरणीत घालून ठेवतो. ‘माझ्या ४० रजा पडून आहेत’ हे पुण्यात लोक बँक बॅलन्स सांगावा तशा रुबाबात सांगतात. इथे हे वाक्य फ्रेंचमध्ये बोलून बघा. समोरचा ‘अरेरे’ म्हणेल.

व्हिसा ९० दिवसांचा, रजा १८ दिवसांची

माझी आई जुलैमध्ये लिऑनला आली होती. व्हिसा मिळाला ९० दिवसांचा. राहिली १८ दिवस. आईला रजा देणारा कुठलाही मॅनेजर नाही. आहे ते सोयाबीन. पेरणी उरकून ती निघाली आणि खुरपणीच्या आत तिला परत पोचायचं होतं. एप्रिलमध्येच ये म्हणून मी फोनवर किती विनवलं. एकच उत्तर, ‘चैतात येडाईची जत्रा हाय. ती सोडून मी कुठं येऊ?’

पहिल्याच संध्याकाळी तिला नदीकाठी नेलं. दहा मिनिटं शांतपणे बघत राहिली. मग म्हणाली, ‘काय करायलेत गं हे समदे?’

‘काही नाही. बसलेत.’

‘कशापायी?’

‘उन्हाळा आहे म्हणून.’

आईने पदर सावरला आणि ती पण बसली.

तिला सगळ्यात काय आवडलं असेल? पार्क द ला तेत दोर म्हणून इथे १८५७ पासूनची मोठी बाग आहे. तळं, गुलाब, जिराफ, सगळं फुकट. तिथल्या जिराफांपेक्षा आई रमली पिण्याच्या पाण्याच्या नळापाशी. बटण दाबलं की थंड पाणी. पोरं येतायत, पितायत, डोक्यावर घेतायत, एकमेकांवर उडवतायत. आई बराच वेळ खाली सांडणाऱ्या पाण्याकडे बघत होती. ‘हे पाणी पुढं जातं कुठं?’ तिने विचारलं. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. त्या वर्षी आमच्या घरात भांडी विसळलेल्या पाण्यावर कढीपत्ता जगवला होता. तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. जाताना तिने आपली बाटली भरून घेतली आणि झाकण दोनदा घट्ट केलं.

फुर्व्हिएरच्या टेकडीवर रोमन लोकांनी बांधलेलं दगडी नाट्यगृह आहे. वय दोन हजार वर्षं. जून-जुलैत तिथे रात्री नाटकं आणि गाण्यांचे कार्यक्रम होतात. दगडावर बसायला उशी देतात आणि कार्यक्रम रंगला की शेवटी प्रेक्षक त्या उश्या स्टेजकडे भिरकावतात! आपल्याकडे लावणीला फेटे उडतात, तसंच. आईने आपली उशी फेकली नाही. ‘लोकाची हाय’ म्हणाली. मी तिला सांगितलं, हे बांधलं त्या काळात आपल्या जिल्ह्यातलं तेर म्हणजे तेव्हाचं तगर, रोमशी व्यापार करत होतं. तेरच्या म्युझियममध्ये त्याच्या खुणा ठेवल्यात. ‘म्हंजे वळख जुनीच हाय,’ आईने निकाल दिला.

तेरखेड्याची आठवण

१४ जुलै हा फ्रान्सचा राष्ट्रीय दिवस. रात्री फुर्व्हिएरच्या टेकडीवरून शोभेची दारू उडते आणि दोन्ही नद्यांचे पूल, काठ माणसांनी फुलून जातात. आम्ही तासभर आधी जागा धरली. आकाश लाल झालं, हिरवं झालं, सोनेरी पाऊस पडला. गर्दी ‘ओऽऽ’ करत होती. आई मात्र प्रत्येक बाराला मान हलवून दाद देत होती. जाणकारासारखी. का नाही देणार? फटाक्यांसाठी मराठवाडाभर नाव असलेलं तेरखेडा आमच्याच वाशी तालुक्यात आहे. दिवाळीला तुमच्या हातात जो सुतळी बॉम्ब येतो, त्याच्यामागे कुणाचे तरी दारूने काळे झालेले हात असतात, हे आम्हाला लहानपणापासून माहीत असतं. कारखान्यात स्फोट झाल्याची बातमी आली की आमच्या घरात आधी ‘कोण कोण गेलं?’ असं विचारतात.

शेवटचा बार झाला. टाळ्यांचा कडकडाट. आई म्हणाली, ‘उडवायला धा-पंधरा मिनिटं. बनवणाराची कुणी आठवण काढतं का गं?’

मला एकदम १९३६ चे संपवाले आठवले. सुट्टीची संध्याकाळ दिसायला हलकीफुलकी असते, पण ती कुणीतरी बनवलेली असते. कुणी संप करून, कुणी दारू ठासून, कुणी पहाटे चार वाजता नदीकाठ झाडून.

४० डिग्री, घरात पंखाही नाही

आता सगळंच गोड-गोड सांगितलं तर तुम्ही म्हणाल, पोरगी भाळली! तर ऐका. इथला उन्हाळा अलीकडे भलताच तापायला लागलाय. लिऑनचा पारा ४० च्या वर गेलेला मी पाहिलाय. वाशीकरांना ४० म्हणजे काय, रोजचंच. पण इथली घरं थंडीसाठी बांधलेली. बहुतेक घरांत एसी नाही, छताला पंखा तर नाहीच नाही. शेजारीण दिवसभर लाकडी झडपा बंद ठेवते आणि रात्री उघडते. आमच्या जुन्या माळवदाच्या घरात आजीही हेच करायची. जाड मातीच्या भिंती, दुपारी अंधार, आणि रात्री अंथरुणं माळवदावर.

ऑगस्ट २००३ च्या उष्णतेच्या लाटेत फ्रान्समध्ये सुमारे १५ हजार माणसं दगावली. त्यात एकटे राहणारे म्हातारे खूप होते. ऑगस्ट म्हणजे सुट्टीचा महिना. मुलं समुद्रावर, डॉक्टर गावाला, शेजारची दारं बंद. सगळ्या देशाने एकाच वेळी उन्हाळा ‘घेतला’ आणि जे मागे राहिले त्यांच्याकडे बघायला माणूस नव्हतं.

त्यानंतर देशाने दोन गोष्टी केल्या. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी प्रत्येक नगरपालिका ठेवू लागली. उष्णतेचा इशारा आला की त्यांना फोन जातात, पाणी प्यालात का, बरं वाटतंय ना, अशी चौकशी होते. आणि २००४ च्या कायद्याने नोकरदारांनी वर्षातला एक दिवस जास्तीचं, पगाराविना काम करायचं ठरलं. त्या दिवसापोटी कंपन्या जी रक्कम भरतात ती वृद्ध आणि अपंगांच्या देखभालीला जाते. सुट्टीवर जीव टाकणाऱ्या देशाने सुट्टीचा एक दिवस परत केला, हे मला भारी वाटतं.

मीही माझ्यापुरती यादी केली आहे. त्यात सध्या दोन नावं. एक आमच्या जिन्यातल्या ८६ वर्षांच्या आजी. दुसरी वाशीची आई. लाट आली की दोघींना फोन. विचारायचं तेच, भाषा तेवढी वेगळी.

आपलाही उन्हाळा आहे की!

आई परत जाताना एअरपोर्टवर म्हणाली, ‘बरं हाय तुझं गाव. आमच्या जत्रेवाणीच.’ विमानाचा पत्ता नव्हता, तेवढ्यात माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खरंच की! चैत्र पौर्णिमेला वाशीजवळच्या येरमाळ्यात येडेश्वरीची यात्रा भरते. सुगी संपलेली असते, रान मोकळं असतं, मृगाला वेळ असतो. दुसऱ्या दिवशी पालखी डोंगरावरच्या देवळातून आमराईत येते आणि वाटेतल्या शेतात लाखो माणसं पांढऱ्या चुनखडीचे खडे वेचतात. हळद-कुंकू उधळतं, संबळ वाजतो, आराध्यांची गाणी चालतात. ऊन रणरणतं, पण त्या दिवशी कुणी ‘काय हा उन्हाळा’ म्हणत नाही. बुक करावं लागत नाही, ड्रेसकोड नाही. लिऑनच्या नदीकाठी जे आहे ते सगळं इथे आहे.

आईने आयुष्यात दुसरी रजा घेतली नाही, पण ही एक कधी बुडवली नाही. मुलं लहान असताना नाही, दुष्काळात नाही, लेकीने फ्रान्सचं तिकीट काढलं तेव्हाही नाही. उन्हाळा कसा घ्यायचा हे तिला कुणी शिकवायची गरजच नव्हती. विसरलोय ते शहरात आलेले आपण. आपला उन्हाळा म्हणजे एसी, आयपीएल आणि ‘पुढच्या लाँग वीकएंडला नक्की जाऊ या यार’.

तेव्हा मंडळी, प्लॅन आत्ताच करा.

चैत्रात येरमाळा: हनुमान जयंतीचा दिवस म्हणजेच चैत्र पौर्णिमा. पुण्याहून बार्शीमार्गे जाता येतं. चुना वेचायचा दिवस त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणून रजा दोन दिवसांची टाका. टोपी आणि पाणी सोबत हवंच.

जवळपास: भूम तालुक्यातलं कुंथलगिरी हे जैनांचं सिद्धक्षेत्र. तिथला खवा आणि पेढा घेतल्याशिवाय परत आलात तर ट्रिप फुकट. येडशीचं रामलिंग अभयारण्य पहिल्या पावसानंतर गाठा. तेरचं म्युझियम दुपारच्या उन्हासाठी राखून ठेवा.

लिऑनला आलात तर: २१ जून किंवा १४ जुलै धरून या. मंगळवारच्या सिनेमाला चटई आणा, खुर्च्या लवकर संपतात.

आणि कुठेही असलात तरी: निघण्याआधी मागे राहणाऱ्या एका माणसाला फोन करा. जमलं तर त्याचंही तिकीट काढा. खुरपणीच्या आत परत सोडायची जबाबदारी मात्र तुमची!